नानामामांचा फॉरवर्ड आणि हिंदी सिनेमातलं ‘पाश्चात्त्य’ खूळ

गेल्या आठवड्यात आमच्या आजोळच्या ग्रुपवर नानामामांनी एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही कुठल्या तरी काकांनी-मामांनी टाकला असेलच, कारण त्याच्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा तो डबल बाण होता. त्यात काय होतं, तर पूर्वीचा हिंदी सिनेमा संस्कार शिकवायचा, त्यात चुंबन नव्हतं, अंगप्रदर्शन नव्हतं, नायिका पदर सांभाळून असायची, पाश्चात्त्य असायची ती फक्त वाईट बाई, संगीत शुद्ध भारतीय होतं. मग नव्वदनंतर बॉलिवूडने लिव्ह-इन, घटस्फोट, आईबापांना उलट उत्तरं, म्हातारपणी त्यांना वाऱ्यावर सोडणं असलं सगळं पाश्चात्त्य खूळ आपल्या घरात आणून सोडलं, आणि आताच्या पिक्चरमध्ये तर भारत म्हणजे मागास आणि परदेश म्हणजे स्वर्ग. शेवटी हात जोडलेली चार चिन्हं आणि ‘संस्कृती टिकवायची असेल तर पुढे पाठवा’.

खाली अकरा अंगठे. त्यातल्या दोघांनी ‘बॉबी’ बघायला कॉलेज बुडवलं होतं हे मला आईकडून माहितीये, पण ते असो. ग्रुपवर वाद घालायचा नाही असं बायकोने बजावून ठेवलंय म्हणून तिथे गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, मग म्हटलं एकेक मुद्दा घेऊन लिहूनच काढू.

पहिला मुद्दा, चुंबन आणि अंगप्रदर्शन.

१९३३ साली ‘कर्मा’ आला, त्यात देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन आहे, पडद्यावर, स्पष्ट. १९३३ म्हणजे नानामामांचे वडील तेव्हा शाळेत असतील. (ते चुंबन चार मिनिटांचं होतं अशी एक थाप नेटवर फिरते, तसं काही नाहीये, पण आहे हे नक्की, आणि दोघं खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते.) मूकपटांमध्येही चुंबनं असायची. मग ती गेली कुठे? तर सेन्सॉरचा कायदा १९१८ चा, इंग्रजांनी केलेला, १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगूनला बोर्डं बसली, आणि साहेबाची एक मोठी काळजी ही होती की हॉलिवूडच्या पिक्चरमध्ये गोऱ्या बायका तसल्या अवस्थेत दिसल्या तर नेटिव्ह लोकांच्या मनातला आपला दरारा कमी होईल. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा कायदा आला तोही त्याच साच्यातला, आणि पडद्यावरचं चुंबन जवळजवळ हद्दपारच झालं. १९६९ मध्ये सेन्सॉरचा विचार करायला नेमलेल्या खोसला समितीने सांगितलं की कथेची गरज असेल तर चुंबन दाखवायला हरकत नाही, तरी कुणी हिंमत करेना, दोन फुलं एकमेकांना टेकवत बसले. आणि त्याच काळात अमेरिकेत काय होतं, तर १९३४ ते १९६८ त्यांचाच हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची नियमावली, जिच्यापायी नवरा-बायकोसुद्धा पडद्यावर वेगवेगळ्या पलंगांवर झोपायचे. म्हणजे ज्या संकोचाला आपण आपले संस्कार म्हणतोय तो त्या काळात तिकडेही होता, आणि आपल्याकडे त्याची कायद्याची बाजू तर साहेबानेच मांडून दिलेली.

अंगप्रदर्शनाचं तर विचारूच नका, कारण ते प्रकरण आपल्या कोल्हापूरचं आहे. १९३८, मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’, कथा आचार्य अत्र्यांची, मराठी आणि हिंदी दोन्हीत काढलेला, आणि त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात ‘यमुनाजळी खेळू खेळ’ म्हणतायत. नम्रता आणि शिल्पा शिरोडकरची आजी. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली, आणि तेव्हाही थिएटरं भरली. पुढे ‘आवारा’त १९५१ ला नर्गिस स्विमसूटमध्ये आहे. आपल्याला फक्त तिची पांढरी साडी लक्षात ठेवायची असते.

दुसरा मुद्दा, नायिका पदर सांभाळून आणि वाईट बाई ती पाश्चात्त्य.

हे अर्धवट खरंय, आणि मला सगळ्यात जास्त राग याच अर्ध्या खऱ्याचा येतो. हो, जुन्या सिनेमात अशी वाटणी होती. ‘श्री ४२०’ मध्ये साडीतली विद्या आणि सिगरेट होल्डर घेतलेली माया. पण नीट बघा, दोन्ही नावं संस्कृत आहेत! मायेचं दुकान काही लंडनला नव्हतं, मुंबईतल्याच शेठजींच्या पार्ट्यांमध्ये होतं. पुढे पुढे मात्र लिहिणाऱ्यांनी कंटाळा केला आणि वाईट बाईला सरळ रोझी, लिली, मोना, किटी अशी नावं द्यायला लागले, आणि मुंबई-गोव्याची ख्रिश्चन माणसं हिंदी सिनेमात कित्येक वर्षं एक तर दारूच्या गुत्त्यावर नाही तर कॅबरेत, फार झालं तर एक दयाळू पाद्री. वांद्र्यात, वसईत, म्हापशात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, शाळेत शिकवणारी, रेल्वेत नोकऱ्या करणारी, मराठी-कोकणी बोलणारी माणसं हो ती. त्यांना ‘पाश्चात्त्य’ करून टाकलं फक्त बायका फ्रॉक घालतात म्हणून.

आणि पडद्यावर जी ‘परदेशी’ बाई होती ती तरी कोण? नादिरा बगदादी ज्यू घरातल्या. हेलन रंगूनला जन्मलेली, महायुद्धात आईबरोबर चालत चालत आसामपर्यंत आलेली निर्वासित पोर. ह्यांच्याकडून आपण आपल्याला बघायचे होते ते नाच करून घेतले आणि मग ‘छे छे, ही पाश्चात्त्य’ म्हणून शेवटच्या रिळात गोळी घातली. नायिकेला पावसात भिजवायचं ते वेगळं, तो मोसमी पाऊस, तो भारतीय.

ह्याच्या उलट गंमत ऐका. १९३५ ला वाडियांचा ‘हंटरवाली’ आला, नायिका फिअरलेस नादिया, मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, सोनेरी केस, आखूड चड्डी, हातात चाबूक. ही गोरी बाई चक्क भारतीय राजकन्येचं काम करत होती आणि पिटातलं पब्लिक शिट्ट्या मारत होतं. म्हणजे त्या काळच्या प्रेक्षकाला गोरी बाई चांगली असू शकते हे पटत होतं, ते न पटणं हे नंतर शिकवलं गेलंय.

शुद्ध भारतीय संगीताबद्दल दोनच ओळी, नाही तर रात्र जाईल. शंकर-जयकिशनच्या त्या व्हायोलिनच्या लाटा सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिलेल्या, आणि त्या काळच्या स्टुडिओंमध्ये वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे. प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी, ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ते नाव गुरुजींसाठी आलंय. आणि आपले पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट या जॅझवाल्याच्या बँडला सोबत घेऊन लोकांना थिएटरात नाचवत होते. ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ सुरू होतं तेव्हा मामा डोळे मिटतात ना, ती मोझार्टची चाळिसावी सिम्फनी आहे. मिटा, मिटा, छानच आहे ते.

तिसरा मुद्दा, लिव्ह-इन वगैरे नव्वदनंतर आलं.

लोक ‘सलाम नमस्ते’चं नाव घेतात, २००५, मेलबर्न. बरं, ‘गाइड’ कधीचा? १९६५. रोझी ही लग्नाची बायको, नवरा पुरातत्त्वाच्या नादात आणि वर तिच्या नाचाला तुच्छ मानणारा, ती त्याला सोडते आणि राजूच्या घरी येऊन राहते, राजूची आई घर सोडून जाते, गाव वाळीत टाकतं, आणि शेवटपर्यंत राजू-रोझीचं लग्न होतच नाही. चाळीस वर्षं आधी, आणि उदयपूर-चित्तोडगडच्या किल्ल्यांमध्ये. त्याच्याही आधी १९४३ चा ‘किस्मत’, नायक पाकीटमार, नायिकेची बहीण लग्नाआधीच गरोदर, आणि कलकत्त्याच्या एका थिएटरात तो तीन वर्षांवर चालला. १९५९ च्या ‘धूल का फूल’मधली कुमारी माता बाळाला जंगलात ठेवून येते. ही सगळी आपलीच गावं, आपलीच माणसं, कुणी पासपोर्टसुद्धा काढला नव्हता.

चौथा मुद्दा, घटस्फोट.

हा मुद्दा मला फार जवळचा आहे, कारण माझ्या आत्तेबहिणीचा झालाय आणि त्या मेसेजखाली तिलाही अंगठा द्यावा लागला. घटस्फोट पाश्चात्त्य ही कल्पना कुठून आली ते बघायचं तर १९५५ चा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ बघा. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी झाला, देशभर त्याच्यावर रणं माजलेली, आणि ह्या पिक्चरमध्ये घटस्फोटाची बाजू घेणारी कोण, तर ललिता पवारांची सीतादेवी, पुरुषद्वेष्टी, श्रीमंत, कजाग बाई. आणि आदर्श कोण, तर पोराबाळांच्या रगाड्यात असलेली ती वहिनी, जिला नवऱ्याने कधी हात उगारला तरी चालतं, प्रेमही करतो ना मग. मधुबाला ते ऐकते आणि तिचं मतपरिवर्तन वगैरे. गुरुदत्त मला फार आवडतो, गाणी तर काय बोलायची सोयच नाही, पण इथे तो चुकला ते चुकलाच.

कारण मराठी माणसाने तरी घटस्फोट पाश्चात्त्य म्हणू नये. काडीमोड हा शब्द काय इंग्रजांनी दिला? आपल्याकडे कितीतरी जातींमध्ये जातपंचायतीपुढे काडी मोडून लग्न सुटायचं आणि मग बाईचा पाट लागायचा, म्होतूर व्हायचं, म्हणजे दुसरं लग्न, कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. १९५५ च्या कायद्यानेच कलम २९ मध्ये रूढीने होणारे घटस्फोट तसेच राहतील असं म्हणून ठेवलंय. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ लाच केला होता. म्हणजे काय झालं, तर जे वरच्या जातींमध्ये नव्हतं ते ‘भारतीय नाही’ असं ठरलं, सिनेमाने ते उचललं, आणि आता माझे मामा, ज्यांच्या स्वतःच्या आजीचा पाट लागलेला होता, ते मला फॉरवर्ड करतायत की हे खूळ बाहेरून आलं.

पाचवा मुद्दा, नव्वदनंतर सिनेमा बिघडला.

इथे तर मेसेज पार उलटा आहे. नव्वदच्या आधीचे प्रेमी काय करायचे? ‘बॉबी’त पळून जातात, ‘एक दूजे के लिए’त मरतात, ‘कयामत से कयामत तक’मध्ये पळूनही जातात आणि मरतातही. आईबापांचं ऐकायचं नाही हाच तर सगळा मसाला होता. आणि १९९५ ला ‘दिलवाले दुल्हनिया’ आला, त्यातला राज लंडनमध्ये वाढलेला, दुकान बंद झाल्यावर डोकेदुखीच्या गोळीचं नाटक करून बीअर उचलणारा, पण सिमरनची आई स्वतः दागिने पुढे करून म्हणते पळून जा, तर हा म्हणतो नाही, बाऊजींनी हात हातात दिला तरच. रात्री काही घडलं नाही हे तिला समजावताना तो म्हणतो की मी हिंदुस्तानी आहे, हिंदुस्तानी मुलीची अब्रू काय असते ते मला कळतं. म्हणजे लंडनच्या मुली तिकडेच राहिल्या. ‘परदेस’मध्ये तेच, ‘कुछ कुछ होता है’त आखूड स्कर्टमधली टीना लंडनहून येते आणि रॅगिंग करायला गेलेल्या पोरांना ‘ओम जय जगदीश हरे’ म्हणून गप्प करते. इतका आज्ञाधारक सिनेमा त्याच्याआधी कधी नव्हता! कारणही सरळ आहे, परदेशात राहणारे भारतीय डॉलर-पौंडात तिकिटं काढायला लागले होते आणि त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती, की तुम्ही देश सोडलात तरी संस्कार नाही सोडलेत.

आता इथे मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो, सिनेमाने आपल्या घरात बाहेरची संस्कृती आणली हे खरंय. फक्त ती पाश्चात्त्य नव्हती. ती करण जोहरच्या सेटवरची पंजाबी होती. माझ्या आईच्या लग्नात काय होतं, सीमांतपूजन, अंतरपाट, मंगलाष्टका (त्यातली दोन आत्याने स्वतः रचलेली आणि न संपणारी), रुखवतात साखरेची तुळशी वृंदावनं, आणि नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा. आता चिंचवडच्या हॉलमध्ये आदल्या रात्री संगीत असतं, त्याला कोरिओग्राफर लागतो, मेहंदीला पिवळं, हळदीला परत पिवळं, ‘जूते दो पैसे लो’ तर असतंच, १९९४ ला ‘हम आपके हैं कौन’ आल्यापासून ते जणू वेदोक्त आहे. वटपौर्णिमेला ‘मागास’ म्हणून नाक मुरडणारी आमच्या सोसायटीतली मुलगी करवा चौथला चाळणीतून चंद्र बघते आणि फोटो टाकते, आणि तो चंद्र तिने कुठे पाहिला होता ते तिला विचारा. मला त्याचं वाईट वाटत नाही फार, नाचायला मलाही आवडतं. पण जी हरवलेली भारतीय संस्कृती म्हणून मेसेज गळा काढतोय ती आपल्या आजीच्या ओळखीची नव्हती, ती आपण तिकीट काढून शिकलो.

सहावा, आताच्या पिक्चरमध्ये परदेश म्हणजे स्वर्ग. उदाहरण म्हणून मेसेजमध्ये ‘क्वीन’ आणि ‘इंग्लिश विंग्लिश’ दिलेत. ‘इंग्लिश विंग्लिश’ बघितलाय का नक्की, मामा? शशी गोडबोले, आपल्यातलीच बाई, घरी लाडू करून विकते, आणि तिचा नवराच चारचौघांत म्हणतो की ही लाडू करायलाच जन्माला आलीये, पोरगी आईला शाळेत न्यायला लाजते. न्यूयॉर्कमध्ये तिला कोण मान देतं, तर एक फ्रेंच स्वयंपाकी, एक पाकिस्तानी टॅक्सीवाला, अशी माणसं, जी स्वतःच इंग्रजीत अडखळतायत. आणि एवढं करून ती परत घरीच येते, विमानात फाडफाड इंग्रजीत हवाई सुंदरीला विचारते की हिंदी पेपर आहे का. ह्यात भारताला कमी लेखणं कुठे आलं? कमी लेखलंय ते नवऱ्याला, आणि तो तेवढा पात्र आहे. ‘क्वीन’मधल्या राणीला तरी कुणी सोडलं? दिल्लीच्या, संस्कारी घरातल्या, आईबापांनाही पसंत असलेल्या मुलाने, लग्नाच्या अगदी तोंडावर.

राहिलं आईबापांना वाऱ्यावर सोडण्याचं, त्याला ‘बागबान’ पुरेसा आहे, त्यातली पोरं इथलीच आहेत.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. हिंदी सिनेमातला ‘पश्चिम’ हा देश नकाशात नाहीये. ‘पूरब और पश्चिम’चं लंडन बघा, १९७०, सगळी महत्त्वाची माणसं आपलीच, सायराबानूला सोनेरी विग, मिनी स्कर्ट, हातात सिगरेट, आणि दोन-अडीच तास पब्लिकने ते डोळे भरून बघितल्यावर शेवटी तिला साडी नेसवून भारतात आणायचं. खरा गद्दार, प्राणचा हरनाम, तो तर इथलाच, त्याने इथेच बक्षिसासाठी क्रांतिकारकाला पकडून दिलेलं. इंग्रज अधिकारी हवा असला की टॉम ऑल्टरना बोलवायचं, मसुरीचा माणूस, ज्याचं उर्दू नायकाच्या वरचढ होतं. आपल्याला हवंसं वाटतं पण कबूल करायची लाज वाटते ते सगळं ठेवायला सिनेमाने माळ्यावर एक खोली काढली आणि तिच्यावर ‘पश्चिम’ असं लिहिलं. जायचं, बघायचं, दार लावून खाली यायचं आणि हात धुवायचे. ‘आपण संस्कारी, ते बिघडलेले’ हा नानामामांचा अख्खा मेसेज त्याच माळ्यावरून खाली आलाय, तो सिनेमाच्या विरोधातला नाहीच, तो सिनेमाचाच डायलॉग आहे, पन्नास वर्षं जुना.

आणि ह्याला उत्तर आपल्याकडे फार आधी देऊन झालंय. प्रभातचा ‘कुंकू’, १९३७, हिंदीत ‘दुनिया न माने’, शांताराम बापूंचा. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून दिलंय, सगळं अगदी परंपरेप्रमाणे, मंत्र म्हणून, आणि ती पोरगी म्हणते मी हे लग्न मानत नाही, नवऱ्याला खोलीत येऊ देत नाही, चवचाल सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. आणि त्या घरात, त्या सगळ्या भिंती-घड्याळांमध्ये, शांता आपटे लाँगफेलोची कविता म्हणते, इंग्रजीत, अमेरिकन कवीची, नऊवारीत. कुणाला त्यात पूर्व-पश्चिम आठवत नाही. एका मुलीला धीर हवा होता, तो जिथे मिळाला तिथून तिने घेतला.

हे सगळं लिहून ग्रुपवर नाही, मामांना वेगळं पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, मग बराच वेळ ‘टाइप करतायत’, ‘टाइप करतायत’. शेवटी आलं ते एवढंच: ‘सावकाश वाचतो. कुंकू कुठे बघायला मिळेल? आणि पिंकीच्या संगीताला शनिवारी वेळेवर ये, मामीने घागरा शिवलाय, तुला आमच्या गाण्यात मागच्या रांगेत घेतलाय.’